तिच्या पाठीशी कोण?

२६ मार्च १९७२. विदर्भातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, येथील पोलीस ठाणे. रात्रीचे साडेदहा वाजत आले होते. एक आदिवासी मुलगी, तिचा भाऊ आणि ती जिथे कामाला जात असे त्या घरची माणसे जबाब देऊन निघण्याच्या तयारीत होती. मुलीला आई-वडील नव्हते. भावाबरोबर मोलमजुरी करून ती दिवस काढीत होती. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. ज्याच्याशी तिला लग्न करायचे होते, त्याच्या घरच्यांविरुद्ध भावानेच तक्रार दिली होती. जबाब संपले. बाकीच्यांना बाहेर जायला सांगण्यात आले. तिला मात्र मागे थांबवून घेतले गेले. ठाण्यातले दिवे मालवले गेले आणि दार आतून बंद झाले.

ती बाहेर येईना, तसे लोक जमू लागले. बाहेर आल्यावर तिने सांगितले, की पोलिसानेच तिच्यावर अत्याचार केला. जमाव संतापला. त्या जमावाचा रेटा होता म्हणूनच तिची तक्रार कागदावर उतरली. त्या रात्री ते चार लोक दाराशी नसते, तर ही कहाणी तिथेच संपली असती.

आरडाओरडा का केला नाही?

पुढे सहा वर्षे हा खटला तीन न्यायालयांतून फिरला. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. मुलीचे पूर्वीचे संबंध होते, तेव्हा तिची संमतीच असणार, असा त्या निकालाचा रोख होता. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे खंडपीठाने स्पष्ट केले आणि एकाला पाच वर्षांची, तर दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. मात्र सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडून दिले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, ही त्यामागची मुख्य कारणे होती.

रात्रीची वेळ, पोलीस ठाण्याची बंद खोली, समोर वर्दीतली दोन माणसे आणि एक पोरकी मुलगी. तिने कुणाला हाक मारायची होती?

हाच प्रश्न कायद्याच्या चार प्राध्यापकांनी विचारला. दिल्लीचे उपेंद्र बक्षी व लोतिका सरकार आणि पुण्याचे रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये देशाच्या सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. संमती आणि शरणागती यांत फरक असतो, हे त्यांनी ठणकावून सांगितले. त्या पत्राने देश हलला. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीत किंवा अशाच ताब्यात असलेल्या स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे, अशी तरतूद आली. असे खटले बंद दाराआड चालू लागले. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरले.

शेवटच्या तरतुदीत एक कडवट विसंगती आहे. तोपर्यंत या मुलीचे नाव देशभर झाले होते. 'मथुरा खटला' म्हणूनच तो आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. तिच्यामुळे देशातल्या लेकीबाळींना कायद्याचे कवच मिळाले. तिच्या वाट्याला मात्र त्यातले काहीच आले नाही. तेव्हा नुकसानभरपाईची योजना नव्हती, समुपदेशन नव्हते, पुनर्वसन तर दूरच. बऱ्याच वर्षांनी पत्रकार तिच्यापर्यंत पोचले, तेव्हाही ती गरिबीशीच झगडत होती.

वाचातीच्या अठरा जणी

आता दुसरे गाव. तामिळनाडूच्या धर्मपुरी जिल्ह्यातील वाचाती. मलयाळी नावाच्या आदिवासी जमातीची वस्ती. २० जून १९९२ रोजी चंदनाच्या तस्करीचा शोध घेण्याच्या नावाखाली वन, पोलीस आणि महसूल खात्यांची फौजच गावात शिरली. तीन दिवस गावाला लुटले, झोडपले. घरे मोडली, जनावरे मारली, विहिरी नासवल्या. अठरा जणींना तळ्याकडे नेऊन त्यांच्यावर अत्याचार करण्यात आले. त्यांत कोवळ्या वयाच्या मुलीही होत्या. वर त्यांनाच तस्कर ठरवून शंभराहून अधिक गावकऱ्यांना, लेकरांसह, तुरुंगात डांबले गेले.

सरकारी यंत्रणा सुरुवातीला हे सारे नाकारतच होती. पण इथे एक गोष्ट देसाईगंजपेक्षा वेगळी घडली. आदिवासींची संघटना आणि डाव्या पक्षाचे कार्यकर्ते गावात पोचले आणि तिथून हललेच नाहीत. अनुसूचित जाती-जमाती आयोगाच्या अधिकारी बी. भामती यांनी प्रत्यक्ष चौकशी करून बायकांच्या सांगण्याला दुजोरा देणारा अहवाल दिला. प्रकरण न्यायालयात गेले. १९९५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. ओळखपरेड झाली, तेव्हा या बायकांनी आपल्यावर हात टाकणाऱ्यांना समोरासमोर ओळखले.

निकाल लागायला एकोणीस वर्षे लागली. २९ सप्टेंबर २०११ रोजी धर्मपुरीच्या न्यायालयाने सर्वच्या सर्व २६९ सरकारी कर्मचाऱ्यांवरील आरोप सिद्ध झाल्याचे सांगितले. त्यांपैकी ५४ जण तोवर मरण पावले होते. उरलेल्या २१५ जणांना शिक्षा झाली आणि त्यांतले सतरा जण बलात्कारासाठी दोषी ठरले. अपिलावर आणखी बारा वर्षे गेली. न्यायमूर्ती पी. वेलमुरुगन यांनी स्वतः वाचातीला जाऊन गावकऱ्यांचे म्हणणे ऐकले आणि २९ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षा कायम केल्या. प्रत्येक पीडितेला, ती हयात नसेल तर तिच्या कुटुंबाला, १० लाख रुपये द्यावेत आणि त्यातली निम्मी रक्कम बलात्काराच्या गुन्हेगारांकडून वसूल करावी, असा आदेश झाला. गावकऱ्यांच्या उपजीविकेसाठी काय केले, याचाही हिशेब सरकारकडे मागितला गेला.

एकतीस वर्षे! तेव्हाच्या मुली आता नातवंडांच्या आज्या झाल्या होत्या. या काळात त्या फुटल्या नाहीत, फिरल्या नाहीत, याचे कारण एकच. त्या एकट्या नव्हत्या. अठरा जणी एकमेकींना धरून होत्या, त्यांच्यामागे गाव होते आणि गावामागे न थकणारी माणसे होती.

आदिवासी मुलीची वाट अवघड का?

अत्याचार कुणाही स्त्रीवर झाला, तरी तिची वाट खडतरच असते. आदिवासी मुलीच्या वाटेवर मात्र काटे अधिक. पाड्यापासून पोलीस ठाणे कोसो दूर. घरी गोंडी, माडिया, कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या मुलीला ठाण्यातली आणि कोर्टातली मराठीसुद्धा परकी वाटते. प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते. त्यातच कुठे जातपंचायत बसते, चार पैसे दंड घेऊन प्रकरण मिटवते आणि मुलगी आहे तिथेच राहते. बलात्काराचा गुन्हा असा आपापसांत मिटवता येत नाही, हे तिला कुणी सांगतच नाही. पंचायतीचे न ऐकणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकणे हाही महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्यासाठी २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे.

हा प्रश्न जगभराचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांविषयीच्या समितीने २०२२ साली आदिवासी स्त्रिया व मुलींसाठी स्वतंत्र शिफारस केली. त्यांना त्यांच्या भाषेत न्याय आणि मदत मिळाली पाहिजे, हे त्यात आवर्जून म्हटले आहे.

आज कोणती मदत मिळू शकते?

१९७२ साली नव्हते ते पुष्कळ काही आज आहे. ते ठाऊक मात्र हवे. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक कावेरीकाठच्या कुंभकोणमजवळील तिरुनीलक्कुडीसारख्या खेड्यातून फिरवा किंवा वडशाहून, मदत मागता येते. अठरा वर्षांखालील मुलांमुलींसाठी १०९८ हा क्रमांक आहे. २०१५ पासून जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' केंद्रे सुरू झाली. तिथे औषधोपचार, वकील, समुपदेशक आणि काही दिवसांचा निवारा यांची सोय एकाच छताखाली असते.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असे सांगून परत पाठवता येत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने, पीडितेच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यायचा असतो. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने तिच्यावर ताबडतोब आणि मोफत उपचार केलेच पाहिजेत. स्त्री असल्यामुळे आणि अनुसूचित जमातीची असल्यामुळेही, उत्पन्न कितीही असो, तिला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर विचारता येते. अत्याचार करणारा अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो आणि अर्थसाहाय्यही मिळते. महाराष्ट्रात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजनाही आहे.

प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली, असे आता कायद्याने म्हणता येत नाही. पूर्वायुष्य उकरून काढून मुलीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणेही चालत नाही. देसाईगंजच्या मुलीला ज्या दोन कारणांनी न्याय नाकारला गेला, ती दोन्ही कारणे कायद्याने आता पुसून टाकली आहेत.

शेजारणीचा हात

पण कायद्याची पोथी मुलीचा हात धरून ठाण्यापर्यंत जात नाही. ते काम माणसांनाच करावे लागते. अंगणवाडीताई, आशाताई, आश्रमशाळेतल्या बाई, शेजारची मावशी, यांच्यापैकीच कुणाला तरी मुलगी पहिल्यांदा सांगते. त्या क्षणी 'तू तिथे गेलीसच कशाला?' हा प्रश्न आला, की तिचे तोंड कायमचे मिटते. 'तुझी चूक नाही, मी आहे,' एवढेच शब्द आले, तर ती पुढचे पाऊल टाकू शकते. तिला लगेच दवाखान्यात न्यावे. अंगावरचे कपडे धुऊ नयेत, ते तसेच कागदात गुंडाळून ठेवावेत. तक्रारीची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते. तिचे नाव चारचौघांत घेऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पहिल्या दिवशी जमलेली माणसे तिसऱ्या वर्षाच्या तारखेलाही तिच्याबरोबर असावीत.

देसाईगंजच्या ठाण्याबाहेर त्या रात्री लोक जमले होते, म्हणून तक्रार नोंदली गेली. नंतर ते पांगले आणि मुलगी एकटी उरली. वाचातीत माणसे पांगली नाहीत. दोन गावांतला फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.