गावाचा प्रश्न, कॉलेजचं प्रोजेक्ट

परीक्षा जवळ आल्या की कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या घरी एकच धांदल उडते. पर्यावरणाचं प्रोजेक्ट ‘सबमिट’ करायचं असतं ना! कुणाचं तरी गेल्या वर्षीचं मागून आणायचं, नाव बदलायचं, रंगीत प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करायचं, की झालं. विषय काय, तर ‘आपल्या परिसरातील पाणीप्रश्न’. पण आपल्या गल्लीत नळाला किती दिवसांआड पाणी येतं, याची त्यात एक ओळही नसते. मार्क मिळतात आणि वर्ष संपलं की गठ्ठा रद्दीत जातो.

मैत्रिणींनो, हेच प्रोजेक्ट नगरपालिकेनेच मागून घेतलं तर?

अमेरिकेत असं घडलं आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगन राज्यात युजीन नावाचं शहर आहे. तिथल्या ओरेगन विद्यापीठातले मार्क श्लॉसबर्ग आणि निको लार्को हे प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये एक उपक्रम सुरू केला. कल्पना अगदी साधी. विद्यापीठाने एका वर्षासाठी एक शहर निवडायचं आणि वेगवेगळ्या विभागांच्या वर्गांनी त्या वर्षी त्याच शहराचे प्रश्न अभ्यासाला घ्यायचे. वास्तुकलेचे विद्यार्थी इमारतींचे आराखडे करणार, नगररचनेचे रस्ते पाहणार, कायद्याचे नियम तपासणार, व्यवस्थापनाचे खर्चाचा हिशेब मांडणार. नवा विषय नाही की जादा तास नाहीत. जो अभ्यासक्रम आहे तोच, फक्त उदाहरण पुस्तकातलं न घेता शेजारच्या शहरातलं.

पहिलं शहर होतं ग्रेशम, दुसरं राज्याची राजधानी सेलम, तिसरं स्प्रिंगफिल्ड. नावं मोठी वाटतात, पण स्प्रिंगफिल्डची वस्ती साठ हजारांच्या आसपास. पुढे त्यात आलेलं रेडमंड तर त्याहूनही लहान. म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांएवढीच ही गावं! सेलममध्ये सायकलींचे मार्ग, नदीकाठचं मोठं उद्यान, पोलिसांसाठी नवी इमारत अशा विषयांवर विद्यार्थ्यांनी काम केलं.

यात तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, प्रश्न शहर विचारतं. विद्यापीठाने मनाने ठरवलेला विषय नगरपालिकेच्या गळ्यात मारायचा नाही. दुसरी, शहर त्यासाठी पैसे मोजतं. फुकट मिळालेला कागद कपाटात जातो, पण पैसे मोजलेला वाचला जातो, हे संसार करणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. तिसरी, वर्ग संपला तरी काम तिथेच सोडत नाहीत. एखाद्या विद्यार्थ्याला मानधन देऊन सगळ्या वर्गाच्या कामाचा नीट अहवाल लिहून घेतात. तो शहराला देतात आणि कुणालाही वाचायला खुला ठेवतात. ही पद्धत पुढे इतर विद्यापीठांनीही उचलली.

अर्थात, मुलं ती मुलंच. त्यांच्या आराखड्यावर थेट पूल बांधता येत नाही. त्याला परवानाधारक इंजिनिअरच लागतो. पण दहा वर्गांनी दहा वाटा दाखवल्या, तर निवड करायला काहीतरी हाती लागतं.

‘हे सगळं तिकडे ठीक आहे हो, आपल्याकडे कोण करतंय?’ असं वाटेल. पण विद्यापीठ रस्त्यावर उतरलं तर काय होतं, हे महाराष्ट्राने ओरेगनच्या कितीतरी आधी पाहिलंय. तो वर्गातल्या मुलांचा प्रकल्प नव्हता. ते काम होतं एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाचं. १९९० च्या सुमारास लक्ष्मी नारायण, पूर्णिमा चिकरमाने आणि त्यांच्या सहकारी कचरा वेचणाऱ्यांच्या मुलांना शिकवायला गेल्या. अक्षरं शिकवता शिकवता त्यांना दिसलं, की आयांची कमाईच इतकी तोकडी, की मुलांनाही पोतं घेऊन निघावं लागतं. मग त्या कचरापेटीपर्यंत त्या बायांसोबत गेल्या. घरोघरी जाऊन सांगू लागल्या, सुका कचरा वेगळा ठेवा आणि यांच्या हातात द्या. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पुढे या बायांना महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळाली. २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला. ज्या बाईला उकिरड्यावरून हाकलत, तीच शहराची सेवा करणारी म्हणून दारात उभी राहिली.

ही पंधरा-अठरा वर्षांची गोष्ट आहे, एका सहामाहीची नव्हे. विद्यापीठ तिथे टिकून राहिलं, म्हणून ती घडली.

आता आपल्या गावाचं बघू. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजाशी जोडलेल्या कामाला श्रेयांक, म्हणजे मार्कांसारखंच वजन आहे. २०११ पासून नगरपालिकेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. म्हणजे मुलांकडे तास आहेत, कॉलेजकडे मार्क आहेत आणि सभागृहात आपल्या बायका आहेत. राहिला फक्त प्रश्न. तो आपण द्यायचा.

प्रश्न मोठा नको. बाजारपेठेत बायकांसाठी स्वच्छतागृह किती, त्यातली किती उघडी असतात? मंडईतला ओला कचरा संध्याकाळी जातो कुठे? कोणत्या गल्लीतले दिवे बंद असल्याने मुली क्लासहून लांबच्या रस्त्याने येतात? कोणत्या वॉर्डात पाणी किती वाजता, किती वेळ येतं? याची उत्तरं वही-पेन घेऊन फिरणारी वीस मुलं महिन्याभरात काढू शकतात.

बचत गटाने किंवा महिला मंडळाने एकच प्रश्न निवडावा. प्राचार्य आणि मुख्याधिकारी दोघांनाही पत्र द्यावं. पत्रात एवढंच मागावं, की उत्तराची वाट पाहणारा नगरपालिकेतला एक अधिकारी नेमा, अहवाल लोकांसमोर वाचा आणि एक प्रत सार्वजनिक वाचनालयात ठेवा. आणि त्या दिवशी ऐकायला आपण स्वतः जावं, शेजारणीलाही न्यावं. ऐकायला कुणीतरी बसलंय म्हटलं, की मुलंही दुसऱ्याचं प्रोजेक्ट उतरवून आणत नाहीत.

एकदा वर्ग सुरू झाले की जो तो आपापल्या पोर्शनच्या मागे लागतो. म्हणून हे पत्र मे महिन्याअखेरच कॉलेजात पोचलेलं बरं!