यकृतातील धातुसंचय

यकृताच्या कोशिकांत (पेशींत) लोह किंवा तांबे प्रमाणाबाहेर साठण्याच्या अवस्थेस यकृतातील धातुसंचय म्हणतात. हे दोन्ही धातू शरीराला अल्प प्रमाणात आवश्यक असतात. आधिक्य झाल्यास मात्र ते ऑक्सिडीकरणास चालना देऊन कोशिकांचा नाश घडवितात व त्या जागी तंतुमय ऊतक वाढून यकृत कठीण होते. या विकृतीस सूत्रण रोग म्हणतात. धातुसंचय हे रोगाचे कारण आहे की परिणाम, यावर चिकित्सेची दिशा अवलंबून असते.

तांबे : संचय हेच कारण असल्याचे ठळक उदाहरण म्हणजे भारतीय बालकांचा सूत्रण रोग. कोलकात्यात १८८७ मध्ये त्याचे वर्णन झाले. साधारणपणे सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांत पोट फुगणे, यकृत टणक होणे, कावीळ ही लक्षणे दिसत व बहुतेक बालके दगावत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील आनंद पंडित व शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्ट्युअर्ट टॅनर यांनी १९८३ मध्ये याचा संबंध पितळी वा तांब्याच्या भांड्यांत तापविलेल्या व साठविलेल्या दुधाशी जोडला. कल्हई नसलेल्या भांड्यातील तांबे दुधातील प्रथिनाला चिकटून बालकाच्या पोटात जाते. पेनिसिलामीन हे तांबे बाहेर काढणारे औषध वेळीच दिल्यास अनेक बालके वाचू शकतात, असेही दिसून आले. स्टेनलेस स्टीलची भांडी रूढ झाल्यावर हा रोग दुर्मिळ झाला.

लोह : प्रगत सूत्रण रोगातील लोहसंचय याउलट बहुधा परिणामस्वरूप असतो. निरोगी प्रौढाच्या शरीरात सु. ३ ते ४ ग्रॅ. लोह असते व जादा लोह बाहेर टाकण्याची नियंत्रित व्यवस्था शरीरात नसते. आतड्यातील लोहशोषणाला आवर घालणारे हेप्सिडिन हे हॉर्मोन मुख्यतः यकृतात तयार होते. यकृत दुबळे झाले की ते घटते व शोषण वाढते. मद्यपान, तांबड्या कोशिकांचा जलद नाश व रक्ताधान यांची त्यात भर पडते. रक्ताच्या एका पिशवीतून सु. २०० ते २५० मिग्रॅ. लोह शरीरात येते. लोह साठविणारे फेरिटिन हे प्रथिन शोथामुळेही रक्तात वाढते. म्हणून केवळ त्यावरून आनुवंशिक लोहाधिक्याचे निदान करता येत नाही. उत्तर यूरोपीय वंशाच्या लोकांतील त्याचे प्रमुख उत्परिवर्तन भारतात क्वचितच आढळते.

यकृत प्रतिरोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णांत या आधिक्याची दखल घ्यावी लागते. हृदयाच्या स्नायूत लोह साठले असल्यास शस्त्रक्रियेनंतर हृदय निकामी होण्याचा धोका असतो. सूक्ष्मजंतूंनाही लोह पोषक असल्याने संसर्ग बळावतो. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने यकृत व हृदय यांतील लोहाचे मापन करता येते. रक्त काढून लोह कमी करणे पांडुरोगी रुग्णास सोसत नाही आणि लोह बाहेर काढणारी काही औषधे प्रगत यकृतविकारात वर्ज्य असतात. म्हणून वैद्याच्या सल्ल्यावाचून लोहयुक्त टॉनिके न घेणे, मद्य वर्ज्य करणे व अनावश्यक रक्ताधान टाळणे यांस महत्त्व आहे. आनुवंशिक लोहाधिक्यात प्रतिरोपित यकृत हेप्सिडिन योग्य प्रमाणात निर्माण करीत असल्याने मूळ दोषाचेही निवारण होते.