नर हरणाची पाच वर्षांची उमेदवारी

लाल हरणाच्या नराला चांगला चारा मिळाला तर तो दीड वर्षातच वयात येतो, म्हणजे पिता होऊ शकतो. तरीही पाच वर्षांचा होईपर्यंत माद्यांचा कळप राखणे त्याला सहसा जमत नाही. मधली वर्षे कशी जातात, हे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील रम बेटावर फार बारकाईने पाहिले गेले आहे. १९७२ पासून तेथील संशोधक एकेक हरीण ओळखून त्याची जन्मापासून मरेपर्यंत नोंद ठेवतात.

उन्हाळा सरून दिवस लहान होऊ लागले की नरांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढते. शिंगांवरचे मखमली कातडे गळते, मान जाड होते. सप्टेंबरअखेर माजाचा हंगाम सुरू होतो. (उर्मटपणालाही आपण ‘माज’ का म्हणतो, हे या दिवसांतला नर पाहिला की कळते.) मोठा नर माद्या गोळा करतो, चरणे जवळजवळ सोडतो आणि रात्रंदिवस ओरडत राहतो. हंगाम संपेपर्यंत त्याचे वजन पाचव्या हिश्शापर्यंत घटू शकते, आणि पुढे हिवाळा उभाच असतो.

झुंज ही शेवटची पायरी. टिम क्लटन-ब्रॉक आणि स्टीव्ह अल्बन यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की आधी सामना आवाजाचा होतो. दोघे आळीपाळीने ओरडतात. ज्याचा दम टिकत नाही तो बहुधा माघार घेतो. बरोबरी वाटली तर दोघे शेजारी-शेजारी समांतर चालत एकमेकांना जोखतात. तेवढ्यानेही निकाल लागला नाही, तरच शिंगे भिडतात. त्यात डोळा जाऊ शकतो, पाय मोडू शकतो.

आवाजात थाप मारणेही कठीण. ओरडताना नराचा कंठ छातीच्या हाडाकडे खाली ओढला जातो, आणि धड जितके मोठे तितका आवाज खोल. आठवी-नववीत आवाज फुटलेल्या कॅडेटला हे वेगळे समजवायला नको!

म्हणून तरुण नर थेट आव्हान देत नाही. वर्षाचा असताना त्याला काट्यांसारखी दोन साधी शिंगे येतात. पुढची काही वर्षे तो बरोबरीच्या नरांशी हलक्या टकरा घेतो. हंगामात कळपाच्या कडेला घुटमळतो, आणि मालक दुसऱ्याला हुसकायला गेला की आत घुसतो. कधी साधते, बहुतेकदा पळ काढावा लागतो. शिवाय मादी माजावर असते ती जेमतेम एखादा दिवस. नराचा भराचा काळ साधारण सात ते दहा वर्षांचा. अकरानंतर उतरण लागते. म्हणजे इतक्या उमेदवारीनंतर हाती येतात ते मोजकेच हंगाम.

काश्मीरमधील दाचीगामचा हंगुल याच कुळातला. शरद ऋतूत त्याच्याही आरोळ्या तेथील दऱ्यांत घुमतात. आपल्या मैदानी जंगलांतल्या चितळाचे मात्र इतके बांधलेले वेळापत्रक नाही. टणक शिंगांचा नर तेथे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात दिसू शकतो.