फरशीखालचं काम

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, कर्वेनगर किंवा मुंबईकडे मुलुंड, बोरिवली, डोंबिवली. १९७५ ते १९९५ या काळात इथे उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमधून दिवाळीनंतर फिरलं, की कुठल्या ना कुठल्या मजल्यावर छिन्नी-हातोडा चाललेला ऐकू येतोच. खाली जिन्यापाशी राडारोड्याच्या गोण्या रचलेल्या असतात, लिफ्टला आतून प्लायवूड ठोकलेलं असतं, आणि सूचनाफलकावर सेक्रेटरींची चिठ्ठी असते : काम सकाळी दहा ते सहा, दुपारी दोन ते चार आवाज बंद. ही घरं आता तीस-चाळीस-पन्नास वर्षांची झाली आहेत. माणसं तीच, जागा तीच, पण भिंतीतल्या नळ्या, तारा आणि न्हाणीघराचा तळ यांचं आयुष्य संपत आलेलं आहे.

हे काम करणाऱ्या स्थानिक नूतनीकरण कंपन्यांचा पसारा छोटा असतो. दोन भागीदार, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक गाळा, एक टेम्पो आणि आठ-दहा भरवशाचे कारागीर. बाकीची माणसं कामाप्रमाणे बोलावली जातात. गवंडी, फरशी मिस्त्री, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, रंगारी हे सगळे स्वतंत्र कसबाचे धनी. कुणी बीड-लातूरकडचा, कुणी कर्नाटकातून आलेला, सुतार बहुधा राजस्थानचा, रंगारी उत्तर प्रदेशचा. कंपनीचं खरं भांडवल म्हणजे या माणसांना योग्य क्रमाने कामावर आणणं. प्लंबरच्या आधी फरशीवाला आला तर पैसे वाया जातात. फरशीवाल्याच्या आधी सुतार आला तर लाकूड ओल धरतं.

गाळ्यात शिरलं की भिंतीवर टाइल्सचे नमुने, चकचकीत नळ आणि किचन ट्रॉल्यांची दारं दिसतात. गिऱ्हाईक तिथेच रमतं, आणि ते स्वाभाविक आहे. आयुष्यभर पाहायचं तेच असतं. पण या धंद्यातला चांगला माणूस ओळखायचा असेल, तर त्याला टाइलबद्दल विचारू नये. न्हाणीघराची फरशी उखडल्यापासून ती पुन्हा बसेपर्यंत तो काय काय करतो, ते विचारावं. माझ्या मते नूतनीकरणाची सगळी अब्रू त्या पाच बाय सात फुटांत आहे.

त्या काळच्या इमारतींत न्हाणीघर आणि संडास यांचा स्लॅब बाकी घरापेक्षा साधारण फूटभर खाली टाकलेला असतो. भारतीय बैठकीचं भांडं, त्याचा ट्रॅप, सांडपाण्याच्या नळ्या हे सगळं त्या खोलगट भागात बसवायचं आणि वर विटांचे तुकडे, मुरूम, कधी कोळशाची राख भरून फरशी करायची, अशी पद्धत होती. सोय चांगली होती. पण फरशीच्या सांध्यातून पाणी एकदा खाली उतरलं, की त्याला बाहेर पडायला वाट नाही. भरावात ते वर्षानुवर्षं साचून राहतं. सांधा सैल झाला, भांड्याच्या कडेचं सिमेंट सुटलं, की ओल वाढत जाते. मग एक दिवस खालच्या मजल्यावरचे काका दार वाजवून सांगतात, आमच्या छताचे पोपडे पडायला लागलेत.

ते पोपडे वरवरचे नसतात. ओल सळईपर्यंत पोचली की सळई गंजते. गंजलेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, म्हणून आतून दाब येतो, काँक्रीट फुटतं आणि खपल्या सुटतात. अशा छताला खालून पुट्टी लावून रंग मारणं म्हणजे खालच्या शेजाऱ्याची फसवणूक आहे. दुरुस्ती वरूनच करावी लागते, आणि ती करण्यासाठी भराव तळापर्यंत काढावा लागतो. काही ठेकेदार इथेच हात आखडतात. जुन्या फरशीवर चिकटद्रव्याने नवी फरशी बसवून मोकळे होतात. दोन दिवसांत काम होतं, धूळ नाही, गोण्या नाहीत. बैठकीच्या खोलीत हे एक वेळ चालेल. न्हाणीघरात नाही.

भराव काढला की मूळ स्लॅब दिसतो. तो स्वच्छ धुऊन, सैल झालेला भाग छिन्नीने काढून, सळई उघडी असेल तर घासून तिला गंजरोधक लावून मग पुढचं काम. या वेळीच जुन्या लोखंडी नळ्या जातात. त्यांच्या आतला जस्ताचा थर झिजल्यावर गंज धरतो आणि नळीचं तोंड आतून इतकं बुजतं, की वरच्या टाकीत पाणी भरपूर असूनही शॉवरला धार येत नाही. लोक पंप बदलतात, शॉवर बदलतात. दोष भिंतीतल्या नळीत असतो. आता त्या जागी सीपीव्हीसीच्या नळ्या येतात. त्या गंजत नाहीत, गीझरचं कढत पाणी सोसतात, आणि त्यांचे जोड सॉल्व्हेंटने बसतात. चांगला प्लंबर भिंत बुजवण्याआधी सगळी तोंडं बंद करून हातपंपाने नळ्यांत दाब भरतो आणि दाबमापकाचा काटा रात्रभर जागचा हलला नाही, तरच गवंड्याला गिलावा करू देतो. ही चाचणी मागण्याचा घरमालकाला पूर्ण हक्क आहे, आणि तो त्याने बजावावा.

मग वॉटरप्रूफिंग. डब्यावरची नावं अनेक, पण बहुतेक ठिकाणी पद्धत एकच : सिमेंट आणि पॉलिमर कालवून केलेला लेप. लेपापेक्षा त्याच्या आधीची तयारी महत्त्वाची. नळी जिथे स्लॅबमधून आरपार जाते, तिच्याभोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. भिंत आणि तळ जिथे मिळतात, तिथे काटकोन ठेवायचा नाही; मसाल्याचा गोलसर वाटा मारायचा, कारण लेप पहिल्यांदा चिरतो तो कोपऱ्यातच. वाट्यावर काचतंतूंची जाळी बसवायची. पहिला हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. भिंतीवर निदान फूटभर, आणि शॉवरच्या मागे डोक्याच्या वर.

आणि मग थांबायचं. निचऱ्याचं तोंड बंद करून त्या खोलगट भागात पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करायची आणि निदान एक दिवस, शक्य असेल तर तीन दिवस हात लावायचा नाही. रोज खूण पाहायची. रोज खालच्या घरी जाऊन त्यांचं छत पाहायचं. या तीन दिवसांत घरात काहीच घडत नाही, मजुरी मात्र अंगावर पडते, आणि घरमालक विचारतो, आज काम बंद का? पाणी भरून ठेवलेलं हे रिकामं न्हाणीघर हाच या कारागिरीचा गाभा आहे असं मला मनापासून वाटतं. घाईत असलेला ठेकेदार नेमके हेच दिवस वाचवतो. त्यातून झालेलं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यानंतर दिसतं, तेव्हा तो पुढच्या कामावर गेलेला असतो.

चाचणी पार पडली की भराव. पूर्वीच्या विटा-मुरमाच्या जागी आता हलक्या सिपोरेक्स ब्लॉकचे तुकडे वापरतात. विटेच्या मानाने त्यांचं वजन जेमतेम तिसरा हिस्सा, म्हणून जुन्या स्लॅबवरचा भार बराच उतरतो. पण ते पाणी शोषतात, त्यामुळे भरावावरही लेपाचा एक हात हवाच. जाणते लोक तळाशी एक बारीक नळी काढून बाहेरच्या डक्टमध्ये सोडतात. पुढेमागे आत पाणी उतरलंच, तर ते तिथून टपकून बातमी देईल.

सगळ्यात वर ढाळ. गवंड्याचा हिशेब सुतात असतो. आठ सूत म्हणजे एक इंच. न्हाणीघराला दर फुटाला एक सूत ढाळ पुरतो, म्हणजे पाच फुटांत जेमतेम पाच सूत. एवढ्याशा उतारावर पाणी न साचता जाळीपर्यंत पोचलं पाहिजे, आणि पायाला उतार जाणवताही कामा नये. पूर्वीच्या लहान टाइल्समध्ये हे सोपं होतं, चारी बाजूंनी ढाळ देता यायचा. आता दोन बाय चार फुटांच्या टाइल्सची हौस आली आहे. एवढी मोठी टाइल चार दिशांना वाकत नाही, मग ती तिरकी कापावी लागते किंवा भिंतीलगत लांब जाळी बसवून सगळा ढाळ एकाच दिशेला घ्यावा लागतो. मोठी टाइल हवी असेल तर ढाळ कुठे देणार, हे मिस्त्रीला आधी विचारलेलं बरं. तो नळीतल्या पाण्याने लेव्हल घेतो, दोरी ताणतो, आणि टाइल बसली की थापीच्या दांड्याने ठोकत जातो. पोकळ आवाज आला की खाली मसाला पोचलेला नाही. ती टाइल त्याच दिवशी उचलली नाही, तर पुढे तिथेच तडा जातो.

बैठकीच्या खोलीबद्दल एक आग्रह मांडतो. जुन्या घरांत दहा इंचांच्या मोझॅक लाद्या असतात. सिमेंटमध्ये संगमरवराची खडी घालून दाबून केलेल्या या लाद्यांचं काम मुंबईच्या भारत फ्लोअरिंग्जसारख्या कारखान्यांनी १९२२पासून स्वदेशीच्या भावनेने वाढवलं. पन्नास वर्षं पावलं पडून त्या फक्त मळलेल्या असतात. पॉलिशच्या यंत्राने पाणी सोडत दोन-तीन दगड फिरवले आणि शेवटी ऑक्झॅलिकची पावडर मारली, की आतली खडी पुन्हा उजळते. खर्च नव्या फरशीच्या मानाने किरकोळ. तरीही त्या उखडून मोरबीची व्हिट्रिफाइड टाइल टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. लाद्या खचलेल्या नसतील, तर हा सल्ला मानू नये. शहाबादी आणि कोटा यांनाही हेच लागू आहे.

आणि भिंत. ओपन किचन हवं म्हणून मधली भिंत काढा, ही मागणी हल्ली प्रत्येक घरात होते. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत साडेचार इंची आडभिंत काढता येते, कारण भार खांब आणि तुळया पेलतात. पण सत्तरच्या दशकातल्या कित्येक तीन मजली इमारती भारवाही भिंतींच्या आहेत. तिथली नऊ इंची भिंत वरच्या दोन मजल्यांना धरून उभी असते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी-साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या दुरुस्तीत खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. ज्या कंपनीचा माणूस भिंतीवर टकटक करून लगेच होकार देतो, त्याला काम देऊ नये. नकाशा काढा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणा, मग बोलू, असं सांगणारा माणूस नेमावा. बाल्कनी घरात घेऊन तिच्यावर भराव टाकणं आणि दगडी कुंड्या मांडणं हेही त्याच पंक्तीतलं. ती एका बाजूने हवेत लोंबती असते.

विजेबद्दल थोडक्यात. त्या काळी घरात पंखे, दिवे, एखादा फ्रिज एवढाच भार होता. आता दीड टनी एसी, गीझर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन. जुन्या बारीक तारेवर हे टाकणं धोक्याचं. गीझर-एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, यात काटकसर नको. स्वयंपाकघराचंही तसंच : ट्रॉल्यांचा रंग नंतर बदलता येतो, पण सिंकखालचं प्लायवूड आयएस ७१० दर्जाचं, म्हणजे पाण्यात टिकणारं नसेल, तर तळ फुगतोच. ओट्याची उंची मात्र पुस्तकातून घेऊ नये. जी व्यक्ती तिथे रोज उभी राहते, तिच्या कोपराच्या उंचीवरून ठरवावी.

या कामाला शेजारधर्माची बाजूही आहे. सोसायट्यांच्या उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. काम काढण्याआधी तो अहवाल वाचलेला असावा. राडारोडा ही घरमालकाची जबाबदारी आहे, २०१६च्या केंद्रीय नियमांनीच ते स्पष्ट केलं होतं. मुंबईत महापालिकेची डेब्रिस ऑन कॉल सेवा आहे. तरीही पुण्यात रात्रीच्या अंधारात टेम्पो नदीपात्रात किंवा टेकडीच्या पायथ्याशी रिकामे होतात. कोटेशनमध्ये राडारोड्याची वाहतूक वेगळी लिहिलेली असेल आणि तो कुठे टाकणार हे सांगितलेलं असेल, तर ती कंपनी सचोटीची, असं समजायला हरकत नाही.

कोटेशन वाचायचं ते असं. टाइलचा दर, नळाची कंपनी, ट्रॉल्यांचे रनिंग फूट यांवर तीन पानं आणि वॉटरप्रूफिंगसाठी एकच ओळ असेल, तर ती ओळ उलगडून मागावी : किती हात, किती उंचीपर्यंत, पाणी किती दिवस भरणार, गळलं तर कोण आणि किती वर्षांपर्यंत दुरुस्त करणार. पैशांचा एक हप्ता त्या चाचणीनंतरच द्यायचा, असं ठरवावं. चांगल्या ठेकेदाराला याचा राग येत नाही.

आणि भिंती बुजवण्याआधी फोटो घ्यायला लावावेत, प्रत्येक भिंतीचे, शेजारी मापाची टेप धरून : फरशीपासून नळी किती उंच, कोपऱ्यापासून किती आत, तार कुठून उतरते. काही कंपन्या आता हे स्वतःहून करून काम संपताना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. चार वर्षांनी टॉवेलच्या दांडीसाठी ड्रिल लावायची वेळ येते, तेव्हा ते फोटो आधी उघडायचे.