खाणीतील रस्ता: पाऊस, चाकोरी आणि जबाबदारी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, वेस्टपोर्ट शहराच्या उत्तरेस स्टॉकटनचे पठार आहे. देशातील सर्वांत मोठी खुली कोळसा खाण येथे आहे. पोलादनिर्मितीसाठी लागणारा हा कोळसा रज्जुमार्गाने न्गाकावाऊ येथे उतरतो, रेल्वेने पर्वतरांग ओलांडून लिटल्टन बंदरात पोहोचतो आणि तेथून निर्यात होतो. या लांबलचक प्रवासाची सुरुवात होते ती खाणीतील कच्च्या रस्त्यावरून. हा रस्ता बंद पडला की पुढची सारी साखळी खोळंबते.

येथे वर्षाला सुमारे ६ मीटर पाऊस पडतो. म्हणजे जवळजवळ महाबळेश्वराइतका. महाबळेश्वरात मात्र तो मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो आणि नंतर डागडुजीला उसंत मिळते. स्टॉकटनला पाऊस बाराही महिने असतो. त्यामुळे रस्त्याची देखभाल हे हंगामी काम न राहता रोजचे काम होते.

अशा रस्त्याची आखणी त्यावरून धावणाऱ्या सर्वांत मोठ्या वाहनावरून ठरते. दुहेरी वाहतुकीसाठी रुंदी वाहनाच्या रुंदीच्या साधारण साडेतीन पट ठेवण्याचा संकेत आहे. ९० टन माल वाहणारा डंपर सुमारे ६ मीटर रुंद असतो. म्हणजे रस्ता २१ मीटरचा हवा. दरीच्या कडेने मातीदगडाचा बांध घालतात. त्याची उंची मोठ्यात मोठ्या चाकाच्या निम्म्याहून कमी नसावी. घाटातील कठड्याप्रमाणे हा बांध भरकटलेल्या वाहनाला सावध करतो आणि वळवतो. भरधाव डंपर थोपवण्याची हमी मात्र तो देत नाही. म्हणूनच चढ साधारणतः १० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि वळणावर चालकाला थांबण्याच्या अंतराइतके पुढचे दिसावे लागते.

देखभालीचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. टणक, सपाट रस्त्यावर चाकांना होणारा रोध वाहनाच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असतो. चाकोऱ्या पडून पृष्ठभाग मऊ झाला की तो ५ टक्क्यांवर जाऊ शकतो. १० टक्के चढावर एकूण रोध १२ वरून १५ टक्क्यांवर जातो. इंजिनाची शक्ती तीच असल्याने वेग एक पंचमांशाने घटतो आणि तोच चढ चढण्यास पाव पट अधिक ऊर्जा लागते. टायरांची झीज निराळीच.

चाकोरीचे मूळ बहुधा पाण्यात असते. त्यासाठी रस्त्याला २ ते ३ टक्के आडवा उतार देतात, कडेला चर व खाली मोऱ्या ठेवतात आणि ग्रेडर फिरवून पृष्ठभाग पुन्हा आकारात आणतात. खडीची निवडही महत्त्वाची असते. स्टॉकटनच्या काही खडकांत पायराइट आहे. हवा आणि पाणी लागताच त्यातून आम्ल निर्माण होते. असा दगड रस्त्यावर पसरला, तर रस्त्यावरून वाहणारे पाणीच ओढ्यांना दूषित करील.

१९ नोव्हेंबर २०१० रोजी याच किनारपट्टीवरील पाइक रिव्हर या भूमिगत खाणीत स्फोट होऊन २९ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर न्यूझीलंडने खाणसुरक्षेचे कायदे नव्याने रचले. २०१६ च्या नियमांत प्रमुख धोक्यांच्या यादीत वायू, आग आणि स्फोट यांच्याबरोबर ‘रस्ते व वाहनांची वावरक्षेत्रे’ यांचाही समावेश आहे. खाणीत हा धोका असेल, तर त्यासाठी व्यवस्थापन आराखडा बंधनकारक आहे.

रस्त्याची हयगय ताळेबंदात लगेच दिसत नाही. ग्रेडर एक पाळी उभा ठेवला, तर इंधनाची बचतच दिसते. त्या बचतीची किंमत ओल्या उतारावर ब्रेक दाबणारा चालक मोजतो. रस्ता निसरडा झाल्यावर वाहतूक थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तो वापरल्याबद्दल त्याला जाब विचारला जातो का, यावरूनच खाणीची खरी शिस्त कळते.