तिमोरास्सो : टाकून दिलेल्या द्राक्षाचें पुनरुज्जीवन

इटलीच्या वायव्येस, पीडमाँट प्रांतांत, टोर्टोना शहराभोंवतालच्या टेकड्यांवर तिमोरास्सो या पांढऱ्या द्राक्षाची लागवड पूर्वापार होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत यूरोपांत फायलोक्सेरा ही वेलींचीं मुळें शोषणारी कीड पसरली व मळे उजाड झाले. पुढें अमेरिकन खुंटांवर कलमें बांधून नवी लागण करितांना बागाइतदारांनीं कोर्तेझे ही खात्रीनें पिकणारी जात पसंत केली. तिमोरास्सोची फळधारणा अनियमित असते व घडांतील मणी सारखे पिकत नाहींत. म्हणून ती मागें पडून नामशेष होण्याच्या बेतास आली.

मोंलेआले येथील बागाइतदार वाल्टर मास्सा यांनीं मात्र उरलेले वेल राखले आणि १९८७ सालीं केवळ याच द्राक्षाचें मद्य स्वतंत्रपणें काढिलें. हें मद्य अंगानें भरदार असून त्यांतील आंबटपणा टिकाऊ असतो. कांहीं वर्षें बाटलींत मुरलें म्हणजे त्यास मधासारखा सुगंध येतो. आज तें टोर्टोनाच्या प्राचीन रोमन नांवानें, ‘देर्तोना’ म्हणून, विकलें जातें व इतर बागाइतदारही ही लागवड करितात.

पिकाचें वजन ही वाणाची एकच कसोटी नव्हे. गुणाचा वाण कमी पिकला तरी त्याच्या चार वेली बांधावर राखाव्या. बीजच नष्ट झाल्यास तें द्रव्य वेंचूनही परत मिळत नाहीं.