मंद पडद्याची छुपी उघडझाप

रात्री फोनचा उजेड अगदी कमी केला तरी डोळे का चुरचुरतात, असं वाचक वरचेवर विचारतात. कारण डोळ्यांचा कोरडेपणा असेल, चष्म्याचा नंबर असेल, जागरणही असेल. पण एक संशयित फोनमध्येच असतो.

ओएलईडी पडद्याला वीज फार कमी दिली की रंग बिघडतात. म्हणून नळाची धार बारीक करण्याऐवजी नळच सतत उघडायचा आणि बंद करायचा, अशी युक्ती बहुतेक फोन वापरतात. कित्येक फोनांत हे सेकंदाला 240 वेळा होतं. उजेड जितका कमी, तितका अंधाराचा वेळ जास्त. आपल्याला मात्र सरासरी उजेड तेवढा दिसतो.

हा सरासरीचा नियम एकोणिसाव्या शतकातला, टॅल्बट आणि प्लातो यांचा. टॅल्बट छायाचित्रणामुळे गाजले. बेल्जियमचे जोसेफ प्लातो मागे पडले. खरं तर 1832 मध्ये फिरत्या चकतीवरची चित्रं हलवून दाखवणारे हेच! 1843 मध्ये त्यांची दृष्टी गेली. तरुणपणी सूर्याकडे टक लावल्याची ही शिक्षा, अशी आख्यायिका आहे. पण तो प्रयोग 1829 चा, मध्ये चौदा वर्षं गेलेली. डोळ्यांचा दाहक आजार हे कारण जास्त पटतं. त्यानंतरही, घरच्यांच्या डोळ्यांनी पाहत, त्यांनी साबणाच्या पातळ पडद्यांवर संशोधन केलं आणि 1873 मध्ये त्यावर ग्रंथ काढला.

त्यांचा नियम उजेड किती भासतो एवढंच सांगतो. डोळ्यांना सुख वाटेल का, हे नाही. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ब्रिटनमधल्या कार्यालयात आर्नल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला 100 वेळा लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटऐवजी 32 हजार हर्ट्झवर चालणाऱ्या लावल्या. डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण निम्म्याहून खाली आला. जुन्या ट्यूबची लुकलुक कुणाला दिसत नव्हती, तरीही! अर्थात त्या ट्यूब होत्या, फोन नव्हेत. आणि हा त्रास सगळ्यांना होतोच असं नाही.

आता फोनच्या खोक्यांवर 3840 हर्ट्झ झळकतं. वेग जास्त असणं चांगलंच, पण ही अर्धीच माहिती. प्रत्येक वेळी उजेड किती खाली जातो, हे जाहिरात सांगत नाही.

तेव्हा स्वतःच तपासा. अंधाऱ्या खोलीत पांढरा पडदा मंद करून त्यापुढे पेन्सिल वेगाने हलवा. धूसर पट्ट्याऐवजी सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर पडदा लुकलुकतोय. मग खोलीत दिवा लावा आणि फोनचा उजेड थोडा वाढवा.